कितीत किती?

सरकारी दवाखान्यात परिचारिकेच्या हातून होणारं निम्मं काम पाणी घालण्याचं असतं. कारखान्यातून औषध येतं ते दाट, नाहीतर कोरड्या पावडरीच्या रूपात. तसं ते कमी जागेत मावतं, जास्त दिवस टिकतं, आणायला-न्यायला परवडतं. पण माणसाच्या शिरेला, दीड-दोन किलोच्या बाळाला, उघड्या जखमेला किंवा गावच्या विहिरीला ते तसंच्या तसं चालत नाही. ते किती पातळ करायचं, हा हिशोब शेवटी खाटेजवळ उभ्या असलेल्या बाईला करावा लागतो. तिच्याजवळ तेव्हा कागद-पेन असेलच असं नाही. बहुधा रात्र असते, नातेवाईक दारात दाटलेले असतात आणि डॉक्टर दुसऱ्या पेशंटपाशी अडकलेले असतात.

धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, मी आरोग्यसेविका म्हणून उपकेंद्रावर सुरुवात केली. पुढचं शिक्षण घेऊन स्टाफ नर्स झाले. ग्रामीण रुग्णालय, प्रसूतिकक्ष, नवजात बाळांचा विभाग असं करत शेवटची वर्षं नव्या मुलींना शिकवण्यात गेली. या काळात काचेच्या सिरिंज उकळायचं बंद झालं, औषधं बदलली, नोंदी संगणकावर गेल्या. पाणी घालण्याचा हिशोब मात्र जसा होता तसाच आहे, आणि तो अजूनही उलट्या टोकाकडून शिकवला जातो असं माझं मत आहे.

आम्हाला शाळेत सूत्र पाठ करायला लावलं होतं. सी-१ गुणिले व्ही-१ बरोबर सी-२ गुणिले व्ही-२. सूत्रात खोट नाही. परीक्षेच्या पेपरात ते सुटतंही. वॉर्डात मात्र चार आकडे एकदम अंगावर येतात आणि कुठला आकडा कुठल्या अक्षराखाली घालायचा इथंच मुली थांबतात. दहावीला गणितात काठावर पास झालेली मुलगी मग शेजारणीला विचारते, 'काल किती घातलं होतं गं?' शेजारीण सांगते तेवढं घालते. कालचं अँप्युल वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या ताकदीचं असू शकतं, हे दोघींच्याही मनात येत नाही.

माझ्या पहिल्या इन्चार्ज सिस्टर सूत्राचं नावही काढायच्या नाहीत. अँप्युल हातात देताना त्यांचा एकच प्रश्न असायचा, 'एका मिलीत किती?' उत्तर आल्याशिवाय त्या अँप्युल सोडायच्या नाहीत, मग बाहेर कितीही घाई असो. सुरुवातीला त्याचा फार राग यायचा. टक्क्यांचं औषध असेल तर त्यांनी एकच गोष्ट पक्की करून घेतली होती: एक टक्का म्हणजे १०० मिलीत एक ग्रॅम, म्हणून एका मिलीत १० मिलिग्रॅम. मग २ टक्के लिग्नोकेनच्या एका मिलीत २०, २५ टक्के ग्लुकोजच्या एका मिलीत २५०, ५० टक्के मॅगसल्फच्या एका मिलीत ५०० मिलिग्रॅम. अ‍ॅड्रेनलिनवर 'एकास हजार' लिहिलेलं असतं. एक ग्रॅम हजार मिलीत, म्हणजे एका मिलीत एक मिलिग्रॅम. टाके घालायच्या लिग्नोकेनमध्ये कधी 'एकास दोन लाख' अ‍ॅड्रेनलिन असतं, त्याच्या एका मिलीत ५ मायक्रोग्रॅम भरतात. हे सगळं तोंडी. पेन काढलं की त्या म्हणायच्या, 'पेन ठेव, आधी सांग.'

एकदा एका मिलीत किती हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं, कारण पाणी कितीही घातलं तरी औषध तेवढंच राहतं. दहा मिलिग्रॅम औषध एका मिलीत असो की शंभर मिलीत, ते दहाच मिलिग्रॅम. त्यामुळे आधी पेशंटला औषध किती मिलिग्रॅम द्यायचंय ते ठरवायचं आणि पाण्याचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. बहुतेक घोटाळे होतात ते पाण्यापासून सुरुवात केल्याने.

हे मला पटलं ते वॉर्डात नव्हे, एका पत्र्याच्या शेडबाहेर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी नोकरीत नवी होते. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. शेजारच्या जिल्ह्यातल्या किल्लारीचं नाव सगळीकडे झालं, पण आमच्या जिल्ह्यातलं सास्तूर आणि आसपासची गावंही तशीच भुईसपाट झाली. दोन्ही जिल्हे मिळून हजारो माणसं गेली. वरून पाऊस. जी वाचली त्यांची सोय तात्पुरत्या निवाऱ्यांत झाली आणि दवाखान्याच्या लोकांना धास्ती लागली ती पाण्याची. तिथं गॅस्ट्रोची साथ आली असती तर भूकंपातून वाचलेली लेकरं हगवणीनं गेली असती.

मला २०० लिटरच्या पिंपांवर नेमलं होतं. ब्लिचिंग पावडर, म्हणजे आमच्याकडे सगळे जिला टीसीएल म्हणतात ती, पोत्यात होती. वहीत लिहिलेलं प्रमाण होतं हजार लिटरला अडीच ग्रॅम. मग एका पिंपाला अर्धा ग्रॅम. अर्धा ग्रॅम पावडर पावसात, उघड्यावर, कशी मोजायची? चिमटीने घातली तर एका पिंपाला दुप्पट पडणार आणि दुसऱ्याला काहीच नाही. एका वयस्कर आरोग्य सहायकांनी तिथंच बसून दाखवलं. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरिन असतं. ३० ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात कालवली की त्यात सुमारे १० ग्रॅम क्लोरिन येतं, म्हणजे झालं एक टक्क्याचं द्रावण. एका मिलीत १० मिलिग्रॅम. त्या गढूळसर दिवसांत लिटरमागे अर्ध्या-पाऊण मिलिग्रॅमवर भागत नव्हतं, दोन मिलिग्रॅम हवं होतं. २०० लिटरला ४०० मिलिग्रॅम, म्हणजे या द्रावणाचे ४० मिली. सुई नसलेली २० मिलीची सिरिंज दोनदा भरून पिंपात सोडायची, फळीने ढवळायचं आणि अर्धा तास कुणाला हात लावू द्यायचा नाही.

आधी दाट द्रावण करायचं आणि मग त्यातलं मोजून घ्यायचं, याचं कारण मला त्या दिवशी उमगलं. जे इतकं थोडं आहे की मोजता येत नाही, ते पाण्यात पसरवून मोजता येईल इतकं मोठं करायचं. पाणी घालणं म्हणजे औषध कमी करणं असा माझा तोवर समज होता. पुढं कमी वजनाच्या बाळांना इंजेक्शन देताना मी मनातल्या मनात तेच पिंपाचं गणित करायची.

उपकेंद्रावरच्या वर्षांत विहिरींचा हिशोब पाठच झाला. दोरीला दगड बांधून पाण्याची खोली काढायची, व्यास मोजायचा. ४ मीटर व्यास आणि ५ मीटर पाणी असेल तर विहिरीत ६२ हजार ८०० लिटर पाणी भरतं आणि त्याला १५७ ग्रॅम पावडर लागते. मी ज्या गावांत फिरले तिथं हिशोब सहसा चुकायचा नाही, चुकायचा महिना. भाद्रपदात काढलेला आकडा वैशाखातही तसाच चालवला जायचा. तेव्हा विहिरीत कसंबसं मीटरभर पाणी, त्याला ३१-३२ ग्रॅम पुरे, आणि पडायची भादव्यातली पुडी. मग पाण्याला वास मारायचा. बायका म्हणायच्या, 'बाई, ह्या पाण्यानं चहा बी नासतोय,' आणि हंडे घेऊन लांबच्या झऱ्यावर जायच्या, जिथं कधीच कुणी औषध टाकलेलं नसायचं. जास्त औषधही कमी औषधाइतकंच नुकसान करतं, हे मी तिथं पाहिलं. उलट बाजूने पावडर ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडी पडलेली असायची. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, त्यात ओल आणि हवा लागली की क्लोरिन उडून जातं. वजनाला पावडर बरोबर, पण आत जोर नाही. म्हणून पाण्यातलं क्लोरिन दाखवणाऱ्या ओटी टेस्टचा पिवळा रंग पाहिल्याशिवाय मी वहीत सही केली नाही, त्यावरून गावात वादही झाले. तुळजापूरला नवरात्रात आणि आश्विनी पौर्णिमेच्या पायी यात्रेत ड्यूटी लागली की टँकरमागून टँकर असायचे. १२ हजार लिटरच्या टँकरला ३० ग्रॅम. पावडर आधी बादलीत कालवून, गाळ बसू देऊन, वरचं निवळलेलं पाणीच ओतायचं. गाळ ओतून उपयोग नसतो, तो नुसता चुना.

प्रसूतिकक्षात या हिशोबाचं दुसरं रूप भेटलं. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येणाऱ्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट देतात. २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांहून जास्त बायका होत्या. या औषधानं झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली येतो असं त्यात दिसलं. आम्हाला तो आकडा नंतर प्रशिक्षणात कळला, औषधाचा गुण त्याआधीच डोळ्यांनी बघितलेला होता. औषध स्वस्त, दोन मिलीचं साधं अँप्युल, त्यात एक ग्रॅम.

अडचण अशी की हेच अँप्युल दोन तऱ्हांनी वापरतात. उपकेंद्रावर नर्सने पहिला डोस द्यायचा तो कमरेत, दोन्ही बाजूंना पाच-पाच ग्रॅम, म्हणजे दहा-दहा मिली, खोलवर आणि पाणी न घालता. शिरेतून द्यायचं तर चार ग्रॅम, पण २० टक्क्यांचं करून. आठ मिली औषध, त्यात बारा मिली डिस्टिल्ड वॉटर, झाले वीस मिली, आणि ते सावकाश पाच ते दहा मिनिटांत. दाट औषध शिरेत वेगाने गेलं तर बाईचा रक्तदाब कोसळतो, श्वास मंदावतो. कमरेत पातळ करून दिलं तर इतकं पाणी मांसात जिरवायचं कुठं? शिकाऊ मुलींना दोन्ही गोष्टी एकाच दिवशी शिकवल्या की त्या हमखास उलटसुलट करतात. मी त्या वेगवेगळ्या दिवशी शिकवायला लागले.

एका रात्री तांड्यावरून एक पहिलटकरीण आणली होती. जीपमध्येच झटका आलेला, जीभ चावलेली, सासू सतत 'देवीचं वारं आलंय' म्हणत होती. नव्याने आलेल्या डॉक्टरांनी शिरेतून चार ग्रॅम सांगितलं आणि सोबतच्या मुलीने आठ मिली औषधात वीस मिली पाणी घातलं. वीस मिली 'करायचे' होते, तिने वीस मिली 'घातले'. अठ्ठावीस मिली झाले. ती घाबरून रडवेली झाली, सगळं फेकून नवीन भरू का म्हणाली. तेव्हा माझ्या सिस्टरांचा प्रश्न मी तिला विचारला. आत औषध किती? चार ग्रॅम. सांगितलं होतं किती? चार ग्रॅम. मग फेकायचं कशाला? डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि तेच थोडं जास्त वेळ घेऊन दिलं. आई-बाळ दोघं वाचले. पुढचे डोस देण्याआधी गुडघ्याखाली टिचकी मारून पाय हलतो का, श्वास मिनिटाला सोळाच्या वर आहे का, लघवी होतेय का, हे बघायचं आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं अँप्युल उशाशी ठेवायचं. ते तिथं नसेल तर मी डोस भरतच नसे.

पण 'घालणं' आणि 'करणं' यातला हा फरक नेहमी इतक्या सहज निभावत नाही. मोठ्या माणसाला सगळी सिरिंज द्यायची असते, म्हणून आतलं औषध बरोबर असलं की भागतं. बाळाला त्यातलं थोडंसंच द्यायचं असतं, तिथं एका मिलीत किती हेच बदलून जातं. पावडरीचं अँटिबायोटिक पाण्यात विरघळवलं की पावडर स्वतःही थोडी जागा घेते. पाच मिली पाणी घातल्यावर सिरिंजमध्ये पाचाहून थोडं जास्त येतं. बाप्याला त्याचं काही वाटत नाही, किलो-दीड किलोच्या जिवाला वाटतं.

नवजात विभागातली एक रात्र मी अजून मुलींना सांगते. रुग्णालयाचं नाव सांगायचं कारण नाही, असं कुठंही होऊ शकतं. १६०० ग्रॅमचं बाळ, जंतुसंसर्गाची शंका, जेंटामायसिन ८ मिलिग्रॅम. मोठ्यांचं अँप्युल दोन मिलीत ८० मिलिग्रॅमचं, एका मिलीत ४०. ८ मिलिग्रॅम म्हणजे ०.२ मिली. सिरिंजच्या तोंडाशी, सुईच्या बुडाशी जेवढं औषध अडकून राहतं ते याच्या निम्मं असू शकतं. म्हणून एक मिली औषध घेऊन त्यात तीन मिली पाणी घालायची आमची पद्धत होती. चार मिलीत ४० मिलिग्रॅम, एका मिलीत १०, बाळाला ०.८ मिली. पिंपाचंच गणित.

दिवसपाळीच्या सिस्टरने हँडओव्हर देताना सांगितलं, 'जेंटा ०.८ द्यायचं.' पातळ केलेली सिरिंज संपली होती. रात्रपाळीची मुलगी नवी, तिने सरळ नवीन अँप्युल फोडून ०.८ मिली ओढून घेतलं. आमच्याकडे औषध टोचण्याआधी दुसऱ्या बाईला ऐकू जाईल असं तीन गोष्टी बोलायचा नियम होता: औषध, एका मिलीत किती, आणि किती देतेय. ती बोलायला लागली, 'जेंटा, एका मिलीत ४०, देतेय ०.८, म्हणजे...' आणि तिथंच थांबली. ३२. चौपट. हे औषध जास्त झालं तर मूत्रपिंडावर आणि कानांवर जातं, आणि दीड किलोचं बाळ ऐकू येत नाही हे सांगायला येत नाही. ते कळतं दोन वर्षांनी, घरच्यांना.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसलो तेव्हा त्या मुलीला कुणी बोललं नाही, बोलायचं कारणही नव्हतं, तिनेच तर ते पकडलं होतं. बदलला तो हँडओव्हर. त्या दिवसापासून मिलीत बोलायचं नाही, मिलिग्रॅममध्ये बोलायचं. 'जेंटा आठ मिलिग्रॅम.' किती मिली ते जिच्या हातात सिरिंज आहे तिने काढायचं. आणि पातळ केलेल्या प्रत्येक सिरिंजवर चिकटपट्टी: औषधाचं नाव, एका मिलीत किती, केव्हा केलं, कुणी केलं. बिनचिठ्ठीची सिरिंज सापडली की विचारत बसायचं नाही, सरळ फेकायची. पहिल्या आठवड्यात बरीच औषधं वाया गेली म्हणून वरून विचारणा झाली. आम्ही उत्तर दिलं आणि नियम तसाच ठेवला.

बाळांच्याच विभागात ग्लुकोजचा एक हिशोब फार यायचा. साखर कमी झालेल्या बाळाला १० टक्क्यांचं ग्लुकोज लागतं, किलोला दोन मिली. स्टोअरमध्ये असायचं ५ टक्क्यांचं आणि २५ टक्क्यांचं. दोन्ही मिसळून १० कसं करायचं? मुली अंदाजे अर्धं-अर्धं करायच्या, ते १५ टक्क्यांचं होतं. रीत सोपी आहे. १० पासून ५ हे ५ ने लांब, २५ हे १५ ने लांब. आडवं फिरवायचं: ५ टक्क्यांचे १५ भाग, २५ टक्क्यांचे ५ भाग. म्हणजे तीनास एक. ७५ मिलीत ३.७५ ग्रॅम, २५ मिलीत ६.२५ ग्रॅम, १०० मिलीत बरोबर १०. ही शेवटची बेरीज करूनच बाटली भरायची, ती मी कधी सोडू दिली नाही.

हे शिकवताना एका मुलीने सांगितलं की तिच्या आजोबांचं सराफीचं दुकान होतं आणि वेगवेगळ्या कसाचं सोनं आटवून हव्या त्या कसाचं करायला ते अशीच आकडेमोड करायचे. मला ते फार आवडलं. नंतर वाचनात आलं की भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त सोन्याच्या कसाच्या मिश्रणाचं एक स्वतंत्र गणितच आहे. कस आणि वजन यांचा गुणाकार करायचा, सगळ्यांची बेरीज घ्यायची. आमचे टक्के म्हणजे कस आणि मिली म्हणजे वजन. त्रैराशिक आपल्या शाळांतून शिकवतात ते मजुरांनी भिंत किती दिवसांत बांधली यासाठी. पाचवी-सहावीच्या पोरींना औषधाच्या बाटलीवर ते करायला दिलं तर पुढं नर्सिंगला येताना त्या सूत्राला भिणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

सर्पदंशाने मात्र या हिशोबाची दुसरी बाजू दाखवली. पेरणी झाली की आमच्याकडे घोणस, नाग, मण्यार यांचे पेशंट सुरू होतात. हाफकिनसारख्या संस्थांमध्ये घोड्यांच्या रक्तातून तयार होणारं प्रतिविष कोरड्या पावडरीच्या व्हायलमध्ये येतं. प्रत्येकीत १० मिली डिस्टिल्ड वॉटर घालून हळू गोल फिरवायचं. जोरात हलवलं तर फेस होतो. बाहेर नातेवाईक ओरडत असतात, 'अहो सिस्टर, हलवा की जोरात!' आणि आपल्याला सावकाशच फिरवायचं असतं. पहिला डोस आठ ते दहा व्हायलचा. आता पेशंट पाच वर्षांचं पोर असेल तर? प्रत्येक नवी मुलगी वजनावरून व्हायल कमी करायला निघते, कारण आम्हीच तिला वर्षभर किलोवर हिशोब शिकवलेला असतो. इथं औषध मारतंय ते विषाला, आणि सापाने पोराला विष कमी दिलेलं नसतं. म्हणून पोरालाही व्हायल तितक्याच. कमी करायचं ते सलाईन, कारण एवढंसं शरीर अर्धा लिटर पाणी झटकन पेलू शकत नाही. औषध तेवढंच, पाणी कमी. औषध आणि पाणी हे दोन वेगळे निर्णय आहेत, हे या एका उदाहरणाने जितकं डोक्यात बसतं तितकं दुसऱ्या कशाने बसत नाही.

पोटॅशियम क्लोराइडबद्दल थोडंच सांगते. १० मिलीच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट. दिसायला डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलसारखं, आणि पाणी न घालता शिरेत गेलं तर हृदय थांबतं. ते पाण्याच्या अँप्युलांच्या ट्रेमध्ये कधीही ठेवायचं नाही, वेगळ्या कपाटात, लाल चिठ्ठी लावून. आणि लटकत्या बाटलीत टोचलं तर ते जड असल्याने खाली साचतं आणि पहिल्या थेंबांतच दाट उतरतं. बाटली खाली काढून उलटीपालटी करून मगच लावायची.

२०२० साली सगळं जगच पाणी घालायला शिकलं. सोडियम हायपोक्लोराइट बाजारातून कधी ५ टक्क्यांचं यायचं, कधी १० टक्क्यांचं, आणि पुसायला हवं होतं एक टक्क्याचं. ५ टक्क्यांच्या एका भागाला पाणी चार भाग लागतं, पाच नव्हे. १० टक्क्यांच्या एका भागाला नऊ. ग्रामपंचायतींचे फोन यायचे. एका गावात वेशीवर माणसांच्या अंगावर फवारा मारत होते. केंद्राच्या आरोग्य खात्याने एप्रिलमध्येच ते करू नये असं सांगितलं होतं, ते समजावून सांगायला मी स्वतः गेले. दुसऱ्या ठिकाणी जास्त जोर यावा म्हणून त्यात संडास साफ करायचं अ‍ॅसिड मिसळायला निघाले होते. त्यातून क्लोरिनचा वायू निघतो, बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो.

घरोघरी सर्वांत जास्त पाणी घालतात त्या आया. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हजारो जीव वाचवले, त्याच ओआरएसची पुडी आशाताई आमच्याकडे घरात देतात. पुडी एक लिटरची. बाई ती पेल्यात कालवते, कारण लेकरू एवढंसंच पितं. एक लिटरचं मीठ एका पेल्यात गेलं की ते लेकराच्या अंगातलं पाणी उलट ओढून घेतं. मी मग प्रत्येक घरी पाण्याची रिकामी एक लिटरची बाटली मागून घ्यायची आणि त्या बाटलीने घरातल्या तांब्याचं माप तिलाच काढायला लावायची. माझ्या मापाचा तिला काय उपयोग?

एका दुष्काळी उन्हाळ्यात एक आई न्यूमोनियाचं लेकरू परत घेऊन आली. अँटिबायोटिकच्या कोरड्या सिरपची बाटली तिने खुणेपर्यंत पाणी घालून बरोबर तयार केली होती. दोन दिवसांनी निम्मी झाली, तेव्हा तिने परत खुणेपर्यंत पाणी घातलं. 'पुरावं म्हणून,' ती म्हणाली. त्या घरात दूधही तसंच पुरवलं जात होतं. मी तिच्यावर ओरडू शकले नाही. दुसरी बाटली दिली आणि चमचाभर साखर पेल्यातल्या पाण्यात टाकून तिला चाखायला दिली, मग आणखी पाणी घालून परत चाखायला दिली. तिला लगेच कळलं. नर्सिंगच्या वर्गातल्या कुठल्याही मुलीइतकंच नीट कळलं.

अलीकडे मुली मोबाइलवर हिशोब करतात. माझी हरकत नाही, फक्त मोबाइल उघडण्याआधी उत्तर साधारण काय येईल ते तोंडाने सांगायला लावते. आठ यायला हवं होतं आणि ऐंशी आलं, तर तिला धक्का बसला पाहिजे. तो धक्का बसायचा तर अंदाज आधी हवा.

आणि खरं सांगायचं तर यातले कित्येक हिशोब करावेच लागू नयेत. एका मिलीत १० मिलिग्रॅमचं बाळांचं जेंटामायसिन बाजारात मिळतं. १० टक्क्यांच्या ग्लुकोजची तयार बाटली मिळते. ती वॉर्डात असेल तर मध्यरात्री कुणाला तीनास एक करत बसावं लागत नाही. मागणीपत्रात या वस्तू बहुधा लिहिल्याच जात नाहीत, कारण मोठ्यांचं औषध आहेच, त्यात पाणी घातलं की झालं, असं धरून चालतात. निवृत्तीनंतरही कुठल्या ग्रामीण रुग्णालयात प्रशिक्षणाला बोलावलं तर मी आधी औषधभांडारात जाते, बाळांच्या कपाटात काय आहे ते बघते आणि मागणीपत्रावर या दोन ओळी घालायला लावून मगच वर्गात जाते.